पाहुण्यांना पेठेत न्यायचं तर पत्ता देऊ नका, वेळ द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सदाशिव पेठेतल्या जुन्या घरात तुम्ही पाहुण्यांसाठी सात खोल्या सुरू केल्या आहेत. येणारे लोक शनिवारवाडा, दगडूशेठ, आगाखान पॅलेस पाहतात, जमलं तर सिंहगड करतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी महाबळेश्वरला निघतात. तुम्ही त्यांना जुन्या पेठांतल्या चाळीस जागांची छापील यादी देता. ती यादी खोलीत टेबलावर तशीच राहते. लोक आत का जात नाहीत आणि त्यांना कसं न्यायचं?

मी वीसेक वर्षं पेठांतून लोकांना पायी फिरवतो. शाळेच्या सहली, परदेशी पाहुणे, अमेरिकेतून नातवंडांना घेऊन आलेले आजी-आजोबा, सगळे. तेव्हा जे करून पाहिलं आणि जे फसलं, त्यावरून सांगतो.

पहिली अडचण त्या यादीतच आहे. चाळीस जागा पाहिल्या की माणूस दमतो, आणि दमलेला माणूस ओळखीच्या जागी जातो. शिवाय यादीत नाव असतं, पत्ता असतो, पण कधी जायचं ते नसतं. शनिवारवाडा सकाळी पाहा नाहीतर दुपारी, तो शनिवारवाडाच असतो. कसब्यातल्या तांबट आळीचं, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या आळीचं, तसं नाही. दुपारी जेवणाच्या वेळी गेलात तर अर्धी दारं ओढलेली, आळीत दुचाक्या लावलेल्या, आणि पाहुणा परत येऊन तुम्हाला सांगतो की तिथे काही नव्हतं. तोच माणूस दहा-साडेदहाला गेला असता तर आळीच्या तोंडाशीच ठोके कानावर आले असते आणि वाट विचारावी लागली नसती. वस्तीला वेळ असते. तुम्ही पाहुण्याला एक वेळ, एक दार आणि बसायला एक जागा द्या. एवढं दिलं की तो जातो, हा माझा अनुभव आहे.

अहमदाबादचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. तिथल्या पोळांमधून, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीबंद वस्त्यांमधून, चालण्याचा कार्यक्रम महापालिकेने 1997 साली सुरू केला. सुरुवात काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून, शेवट जामा मशिदीपाशी, वेळ सकाळी आठची. तीच सुरुवात, तीच वेळ, वर्षानुवर्षं. शहराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला 2017 साली, म्हणजे त्यानंतर वीस वर्षांनी. हॉटेलातल्या माणसाला, रिक्षावाल्याला, चहावाल्याला सगळ्यांना ठाऊक असतं की आठला तिथून निघतात. आपल्याकडे दर सहा महिन्यांनी नवा मार्ग, नवं नाव, नवं पोस्टर होतं, आणि सांगणाऱ्याच्याच तोंडी ते बसत नाही.

दुसरं, पाहुण्याला शनिवारवाड्यापासून तोडू नका. ‘तिकडे सगळेच जातात, तुम्ही वेगळं पाहा’ असं सांगितलं की माणसाला वाटतं आपलं काहीतरी राहून जाईल. पहिल्यांदा पुण्यात आलेल्या माणसाला दिल्ली दरवाजा पाहायचाच असतो, आणि त्याने तो पाहावा. मी शनिवारवाड्यावरूनच सुरू करतो. 1730 साली पायाभरणी, 1732 साली वास्तुशांत, 1828 च्या आगीत आतलं सगळं भस्म, एवढं पंधरा मिनिटांत सांगतो. मग विचारतो: हा वाडा उभा राहिला तेव्हा त्याच्यासाठी भांडी कोण घडवत होतं, कुंभार कुठे राहत होते, पाणी कुठून येत होतं? त्या प्रश्नाचं बोट धरून लोक आपण होऊन कसब्यात शिरतात. लाल महाल ओलांडला की पाच मिनिटांत कसबा गणपती. तिथे गाढवाच्या नांगराची हकिगत सांगायची. 1630 च्या सुमारास मुरार जगदेवाने पुणं बेचिराख केलं, गाढवाचा नांगर फिरवला, आणि पुढे जिजाबाईंनी बाल शिवाजीच्या हातून सोन्याचा नांगर फिरवून वस्ती पुन्हा बसवली असं परंपरा सांगते. देवळासमोर उभं राहून ऐकलेली ही गोष्ट आणि पाटीवर वाचलेली गोष्ट यांत फार फरक पडतो.

मग तांबट आळी. इथे मी सगळ्यात जास्त वेळ देतो, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

तांब्याचा पत्रा कापून, ठोकून, भट्टीत तापवून, परत ठोकून भांड्याचा आकार येतो. तेव्हा ते काळपट आणि अजून मऊ असतं. चिंचेने किंवा आम्लाच्या पाण्याने ते उजळतात, आणि मग मठार करायला घेतात. कारागीर जमिनीवर बसतो, भांडं लोखंडी खुंट्यावर उलटं धरतो, डाव्या हाताने ते तसूतसूने फिरवत राहतो आणि उजव्या हाताने हातोडीचे ठोके घालत जातो. प्रत्येक ठोक्याची एक चकचकीत टिकली उमटते आणि शेजारची टिकली तिला नेमकी चिकटून बसते. ओळीवर ओळ, गळ्यापासून बुडापर्यंत. एक ठोका चुकीच्या जागी पडला तर ती ओळ उजेडात लगेच दिसते. पाहुण्यांना वाटतं ही नक्षी आहे. ती दिसते नक्षीसारखी, पण त्या ठोक्यांनी मऊ तांबं ताठ होतं, भांडं चेपत नाही. हे कळलं की लोक हंड्याकडे, बंबाकडे, घंगाळाकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागतात. मी त्यांना अर्धवट मठारलेल्या भांड्यावरून बोट फिरवायला सांगतो, अर्थात कारागिराला विचारून. एका बाजूला गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला खवल्यांसारखं. तेवढ्या स्पर्शाने जे कळतं, ते माझ्या वीस वाक्यांनी कळत नाही.

आता यातला पैशाचा भाग, जो बहुतेक जण विसरतात. दहा माणसं समोर उभी राहिली, प्रश्न विचारायला लागली, की हातोडी थांबते. हातोडी थांबली की त्या माणसाची मजुरी थांबते. ‘आम्ही तुमची प्रसिद्धी करतो’ या वाक्याने त्याचं दूध-किराणा येत नाही. म्हणून मी ज्या दारात थांबतो तिथे प्रत्येक गटामागे ठरलेली रक्कम देतो, कोणी काही विकत घेतलं तरी आणि नाही घेतलं तरी. ती पाहुण्यांच्या शुल्कात आधीच धरलेली असते. विकत घ्यायचं तर लहान वस्तू तयार असाव्या लागतात. विमानाने आलेला माणूस बंब नेत नाही, पाण्याचा पेला नेतो. हे तुम्ही दोन-तीन घरांशी आधी बसून बोला. ज्याला नको असेल त्याच्या दारात थांबू नका, आणि त्याचा रागही धरू नका.

पुढे नागझरीचा ओढा ओलांडून सोमवार पेठेत त्रिशुंड गणपती. मला विचाराल तर पुण्यातलं सगळ्यात मोलाचं आणि सगळ्यात कमी पाहिलं गेलेलं देऊळ हेच. 1754 साली भीमगिरजी गोसावी यांनी बांधायला सुरुवात केली, 1770 साली मूर्तीची स्थापना झाली. काळ्या दगडात दर्शनी भाग इंच न् इंच कोरलेला. द्वारपाल, गजलक्ष्मी, झुंजणारे हत्ती, आणि त्यांत एक गेंडा, साखळदंडाने बांधलेला, शेजारी इंग्रज शिपाई. प्लासीची लढाई झाली 1757 साली. बंगाल-आसामकडच्या प्रांतांवर इंग्रजांनी बसवलेला ताबा या गेंड्यातून दाखवला आहे, असा त्याचा अर्थ लावतात. पुण्यात पेशव्यांचं राज्य असताना इथला पाथरवट देवळाच्या भिंतीवर हे कोरत होता. आत तीन सोंडांची मूर्ती मोरावर बसलेली, आणि शिलालेख संस्कृतात आहेत तसा फारसीतही. तळघरात एरवी पाणी असतं, ते काढून गुरुपौर्णिमेला भाविकांना खाली जाऊ देतात. तुमचा पाहुणा त्या दिवशी पुण्यात असेल तर बाकी सगळं सोडून त्याला तिथे पाठवा.

गेंडा कुठे आहे हे मी कधी सांगत नाही. शोधायला लावतो. मुलं असली तर ती आधी शोधतात, आणि मग सगळे तिथे पाच मिनिटं उभे राहतात. नाहीतर मंडळी आत हात जोडून, एक फोटो काढून तीन मिनिटांत बाहेर येतात.

एवढंच: शनिवारवाडा, कसबा गणपती, तांबट आळी, त्रिशुंड. दीड-दोन तास. परतताना कसबा पेठ मेट्रो स्थानक. सप्टेंबर 2024 मध्ये स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून कसबा पेठ आणि मंडई ही दोन्ही स्थानकं जुन्या गावाच्या पोटात उघडतात. पूर्वी पेठेत गाडी कुठे लावायची यावरच अर्धे लोक बेत रद्द करायचे. आता तुमच्या कागदावर ‘मेट्रोने या, मेट्रोने जा’ हे सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत असू द्या.

मंडईचा फेरा वेगळा करा, तोही सकाळी, भाजीचे वाटे मांडले जात असताना. 1886 सालची ती इमारत, तिचा अष्टकोनी मनोरा. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती उभी राहिली. ती बांधण्यावर एवढा पैसा खर्च करायला नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता, आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ही हकिगत भाजीवाल्या मावशींच्या गाळ्यापाशी उभं राहून सांगावी. फक्त गिऱ्हाइकाची वाट अडवू नये.

आता एक गोष्ट जरा कळकळीने सांगतो. ‘अपरिचित पुणे’, ‘लपलेलं पुणे’ असले शब्द तुमच्या कागदावर घालू नका. अपरिचित कोणाला? गंज पेठेतला फुलेवाडा तुमच्या यादीत ‘कमी ज्ञात’ या मथळ्याखाली आहे. विदर्भ-मराठवाड्यातून येणाऱ्या कितीतरी कुटुंबांसाठी पुण्यात येण्याचं कारणच तो वाडा असतो. 1868 साली जोतीरावांनी अस्पृश्य मानलेल्यांसाठी जो हौद खुला केला, त्याच्या कडेला लोक डोळे मिटून उभे राहतात. 11 एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला, जाऊन पाहा. ज्या भिडेवाड्यात 1848 साली मुलींची शाळा भरली, तो वाडा मी वर्षानुवर्षं लोकांना बाहेरून दाखवायचो, पडक्या जिन्याकडे बोट करून. डिसेंबर 2023 मध्ये तो पाडला, तिथे स्मारक व्हायचं आहे. आता मी त्या जागेसमोर लोकांना नुसतं थांबवतो. सांगायचा मुद्दा असा की वस्तीतल्या माणसाला आपली वस्ती लपलेली वाटत नसते. तिला शोधून काढल्याचा आव त्याला झोंबतो, आणि मग तो तुमच्या पाहुण्याला वाट सांगत नाही.

त्यावरूनच माझी एक चूक. सुरुवातीच्या वर्षांत मी शनिवार पेठेतल्या एका वाड्यात अठ्ठावीस माणसं घेऊन शिरलो. वाड्यातल्या एका भाडेकरूची ओळख होती, तेवढी पुरेशी आहे असं मला वाटलं. चौकात दोरीवर कपडे वाळत होते, ओसरीवर एक आजी कुरडया घालत होत्या. पाठीमागच्या कोणीतरी स्वयंपाकघराच्या दारातून आत डोकावून फोटो काढला. आजी उठल्या आणि एवढंच म्हणाल्या, “आमच्या घरात काय प्रदर्शन मांडलंय का?” आम्ही मान खाली घालून बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेलो, त्यांनी दार उघडलं नाही. आठवड्याने परत गेलो तेव्हा त्यांच्या सूनबाईंनी आत घेतलं आणि आजींनी अटी सांगितल्या. एका वेळी आठ माणसं. दुपारी एक ते चार नाही, तेव्हा घर झोपलेलं असतं. चौकापर्यंत यायचं, ओसरीवर बसायचं, आत डोकवायचं नाही. सणावाराला नाही, घरात सुतक असेल तेव्हा नाही, ते आम्ही फोनवर सांगू. मी आजही सगळ्या वाड्यांत याच अटी पाळतो. आजी गेल्या, वाडाही पाडला, अटी राहिल्या आहेत.

हे नीट न सांभाळल्यामुळे काय होतं ते बाहेर दिसतंय. दक्षिण कोरियात सोलमध्ये बुकचोन म्हणून जुन्या हानोक, म्हणजे पारंपरिक कोरियन, घरांची वस्ती आहे. फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीने रहिवासी इतके बेजार झाले की तिथल्या मुख्य भागात आता पाहुण्यांना सकाळी 10 ते संध्याकाळी 5 एवढीच मुभा आहे, आणि 2025 पासून वेळ मोडली तर दंड. बार्सिलोनात पार्क ग्वेलकडे जाणाऱ्या 116 क्रमांकाच्या छोट्या बसमध्ये पर्यटकांमुळे म्हाताऱ्या माणसांना बसायला जागा मिळेना. शेवटी 2024 मध्ये रहिवाशांच्या मागणीवरून ती बस गूगलच्या नकाशावरून काढून टाकली. आपल्या पेठांत अजून ती पाळी आलेली नाही. पण आळ्या बोळाएवढ्या आहेत, आणि तीस माणसांचा एक गट आळी बंद करायला पुरतो. म्हणून गट आठ-दहाचाच ठेवा. जास्त आले तर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन करा.

बुधवार पेठेबद्दल पाहुणे हळूच विचारतात, विशेषतः बाहेरून आलेले. माझं उत्तर ठाम आहे: त्या गल्ल्या पाहण्याची जागा नाहीत. तिथल्या बायका पोटासाठी उभ्या आहेत, त्यांच्यावरून कॅमेरा फिरवायला मी कोणाला नेत नाही आणि तुम्हीही वाट सांगू नका.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी. स्वच्छतागृह हा पेठेतल्या फेरीतला सगळ्यात मोठा प्रश्न आहे, आणि बायका तो बोलून दाखवत नाहीत, त्या नुसत्या ‘येत नाही’ म्हणतात. निघण्याआधी आणि मध्ये एकदा, अशा दोन जागा पक्क्या करा. मेट्रो स्थानकांनी हेही काम सोपं केलं आहे. बसण्यासाठी अमृततुल्य. पितळी भांड्यात उकळणारा चहा, खलबत्त्यात कुटलेलं आलं आणि वेलदोडा. यांतल्या अनेक दुकानांचे मालक मूळचे राजस्थानचे, दोन-तीन पिढ्या पुण्यात मुरलेले. त्यांना विचारलं तर ते आपल्या गावाचं नाव आनंदाने सांगतात. चाळीस मिनिटं चालल्यावर दहा मिनिटं बसायला मिळालं की माणूस आणखी तासभर चालतो.

नावांचा उपयोग करा. पुण्यातल्या देवांची नावं हीच लोकांना आत ओढतात. पासोड्या विठोबा, कारण त्याच्यापाशी पासोड्या विकायला बसत. डुल्या मारुती, पानिपतावर रण पेटलं तेव्हा इथे तो डोलला म्हणतात. जिलब्या मारुती, उंबऱ्या गणपती, सोट्या म्हसोबा. ‘हेरिटेज मंदिर क्रमांक 14’ पाहायला कोणी जात नाही, डुल्या मारुती कुठे आहे ते विचारत लोक जातात.

ऋतूचंही सांगतो. गणपतीच्या दहा दिवसांत वस्ती पाहायला पाठवू नका, तेव्हा उत्सव पाहू द्या. त्यापेक्षा दिवाळीच्या आधीचा आठवडा धरा. वाड्यांच्या आणि सोसायट्यांच्या दारांत पोरं मातीचे किल्ले करत असतात, कुंभारवाड्यात मावळे, तोफा आणि सिंहासनावरचे महाराज ओळीने मांडलेले असतात. तेव्हा लहान मुलं असलेल्या कुटुंबाला तिथे पाठवा. मुलाने पाच मावळे विकत घेतले की तुमच्या घरच्या किल्ल्यावर तुम्ही त्याला ते मांडू द्या.

आणि कोणाला पाठवू नये तेही ध्यानात ठेवा. ज्याच्याकडे पुण्यात चारच तास आहेत, ज्याचे गुडघे दुखतात, ज्याला आरतीला दगडूशेठला पोचायचं आहे, त्याला आग्रह करू नका. न मागता नेलेला माणूस वाटेत घड्याळ पाहतो, आणि ते दारातल्या कारागिरालाही दिसतं.

आता तुम्ही करायचं ते असं. चाळीस जागांचा कागद काढून टाका. पोस्टकार्डाएवढा एकच कागद करा: चार जागा, निघायची वेळ, चहाची जागा, स्वच्छतागृह, परतीचं स्थानक. रात्री पाहुणा किल्ली घ्यायला येतो तेव्हा स्वतः विचारा, “उद्या सकाळी दहाला तांबट आळीत ठोके ऐकायला जाणार का? मी तिथे फोन करून ठेवतो.” तो हो म्हणाला तर खरंच फोन करा. त्याआधी एकदा तुम्ही स्वतः ही वाट चालून या, एकदा आडवारी आणि एकदा रविवारी, घड्याळ हातात धरून, आणि कोणतं दार किती वाजता उघडं होतं ते त्या कागदाच्या मागे लिहून ठेवा.